घरातल्या जुन्या वस्तूंचे दागिने : आमची वाटचाल

2018च्या फेब्रुवारीत, शहराचा कचरा जिथे टाकला जाई त्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ठिकठिकाणी रस्त्याच्या कडेला कचरा साचून राहिला. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय आमच्या गल्लीला लागली ती त्याच काळात. वेगळ्या काढलेल्या सुक्या कचऱ्यात जुनी कॅलेंडरे, लग्नपत्रिका, विटलेली लुगडी, शर्टांची बटणे, जळालेल्या मिक्सरच्या मोटारी आणि थंड पेयांचे डबे पाहून माझ्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या मनात या व्यवसायाचा विचार आला. आम्हा दोघींना शिवणकाम आणि थोडेफार चित्रकाम येत होते. गळ्यातले, कानातले आणि भिंतीवर लावण्याच्या सजावटीच्या चौकटी यांपासून आम्ही सुरुवात केली, आणि आजही आमचे मुख्य काम तेच आहे.

कच्चा माल फुकट मिळतो, म्हणून या धंद्यात भांडवल लागत नाही, असे आम्हाला अनेकांनी सांगितले. वस्तू फुकट मिळते हे खरे, पण ती कामाला येण्याजोगी होईपर्यंत तिच्यावर बरेच कष्ट पडतात. कागदाच्या मण्यांचेच पाहा. वर्तमानपत्राचा कागद शाई सोडतो आणि लवकर मऊ पडतो, त्यामुळे आम्ही कॅलेंडरांचा आणि लग्नपत्रिकांचा जाड, गुळगुळीत कागद निवडून घेतो. त्याच्या एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या अशा लांब पट्ट्या कापायच्या, रुंद टोकाकडून विणकामाच्या सुईवर घट्ट गुंडाळत जायचे आणि शेवटचे टोक फेव्हिकॉलने चिकटवायचे, म्हणजे मध्ये फुगीर आणि दोन्ही कडांना निमुळता मणी तयार होतो. त्यानंतर वॉर्निशचे थर द्यावे लागतात आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देता येत नाही. वैशाखात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की चिकटवण्याआधीच डिंक बोटांवर सुकतो, तर भाद्रपदात तेच वॉर्निश दिवसभर चिकट राहते. म्हणून वर्षभराचे मणी शक्यतो हिवाळ्यात वळून ठेवण्याची पद्धत आम्ही बसवली आहे.

लगद्याचे काम आम्हाला कोणत्याही प्रशिक्षणात शिकावे लागले नाही. रद्दी भिजवून तिचा लगदा करायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळायची आणि पालथ्या घागरीवर थापून टोपली करायची, ही रीत आमच्या सासूबाईंच्या माहेरी होती. मेथीच्या चिकटपणामुळे लगदा धरून राहतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही, असे त्या सांगत. आम्ही तोच लगदा बांगडीच्या गाभ्यासाठी वापरतो आणि त्यावर जुन्या साडीचा काठ गुंडाळून शिवतो.

हे शिवण्याचे काम ज्या मावश्या करतात, त्या सगळ्या पूर्वीपासून गोधड्या आणि वाकळा शिवणाऱ्या आहेत. विटलेल्या लुगड्यांचे थर नीट बसवणे, धावदोरा सरळ नेणे, कोपरा दुमडताना कापड न चुरगळू देणे, हे त्यांच्या हातात मुरलेले आहे, आणि आमचा व्यवसाय उभा राहिला तो त्या हातांवर. सुरुवातीला बाजाराच्या रिवाजाप्रमाणे आम्ही नगावर मजुरी देत होतो. परंतु आमचे साहित्य एकसारखे नसते. एखाद्या लुगड्याचा काठ एका बैठकीत बांगडीवर चढतो, तर दुसऱ्याचा सुटलेला धागा आवरण्यातच निम्मा वेळ जातो. नगावर मजुरी असली की अवघड कापड कोणीच हातात घेत नाही आणि नेमके तेच कापड सर्वांत देखणे असते. म्हणून आम्ही तासावर मजुरी सुरू केली. या एका निर्णयाने आमच्या मालाची प्रत बदलली आणि त्याबरोबर किंमतही वाढली.

इथे गिऱ्हाईक अडते. रद्दीच्या हाराला एवढे पैसे कशाला, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक प्रदर्शनात ऐकावा लागतो आणि त्याचे उत्तर देण्याचा मला कधी कंटाळा येत नाही. आमच्या शेजारच्या जालन्यात लोखंडी भंगार वितळवून बांधकामाची सळई तयार होते. ती विकत घेताना कोणी भंगाराचा भाव सांगत नाही, कारण भट्टी, वीज आणि कामगार यांचा खर्च प्रत्येकाला कळतो. आमच्याकडे भट्टीच्या जागी माणसाचे हात आहेत आणि त्यांचा वेळ किमतीत धरला नाही, तर तो मावशींच्या ताटातून जातो. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आम्ही एक मावशी मणी वळत बसतील अशी व्यवस्था केली, आणि एक मणी पूर्ण होताना पाहिलेल्या गिऱ्हाइकाने घासाघीस केल्याचे मला आठवत नाही. आता प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर आम्ही साहित्य, लागलेले तास आणि निगा राखण्याची पद्धत एवढेच लिहितो. पर्यावरणाची थोरवी त्यावर लिहीत नाही, कारण दागिना आधी दागिना म्हणून आवडला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तो आवडावा म्हणून घडणीचा अभ्यास करावा लागतो आणि त्याबाबतीत आपला भाग श्रीमंत आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुकुटाकडे आणि गळ्यातील मोत्यांकडे आम्ही मुलींना घेऊन जाऊन तासन्‌तास पाहिले आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या संग्रहालयात प्राचीन मणी आहेत. त्यांच्या आकारांवरून आमच्या कागदी मण्यांच्या पट्ट्यांची मापे ठरली. बंजारा तांड्यांवरच्या बायका कवड्या, आरसे, बटणे आणि दोरा एकाच कापडावर इतक्या सहजपणे नांदवतात की निरनिराळे साहित्य एकत्र कसे आणावे, याचे याहून चांगले शिक्षण मिळणार नाही.

तारेसाठी आम्ही रिवाइंडिंगच्या दुकानांत जातो. विहिरीवरच्या मोटारी आणि घरातले पंखे जळण्याचे प्रमाण आमच्याकडे मोठे असल्याने अशी दुकाने तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्याकडे जुन्या वाइंडिंगची तांब्याची तार निघते. भंगारात विकण्यापूर्वी तिच्यावरचा लेप अनेकदा जाळून टाकला जातो, पण त्याचा धूर विषारी असतो. आम्ही तो लेप तसाच ठेवतो, फक्त जोडाच्या ठिकाणी पॉलिश पेपरने घासून काढतो. त्याचा तपकिरी-लालसर रंग कापडाच्या काठाशी उत्तम जुळतो. पेयांच्या डब्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ आणि धारदार असतो, त्यामुळे त्याची कड दोनदा दुमडून ठोकल्याशिवाय कोणतीही वस्तू बाहेर जात नाही. कानातल्याचे आकडे मात्र जुने नसतात. कानाच्या छिद्रातील त्वचा नाजूक असते आणि निकेलमुळे अनेकींना खाज सुटते, म्हणून सर्जिकल स्टीलचे नवे आकडेच आम्ही घेतो.

काही वस्तू आम्ही दारातूनच परत करतो. सीएफएल दिव्यांत पारा असतो, जुन्या सर्किट बोर्डांच्या डाखात शिसे असते, आणि कापसावरच्या फवारणीच्या औषधांचे डबे कितीही धुतले तरी घरात आणू नयेत. अशा बोर्डांची कानातली दिसायला आकर्षक असतात हे खरे, तरी अंगावर घालण्याच्या वस्तूत शिसे असणे मला मान्य नाही.

फुटलेल्या बांगड्यांचा प्रश्न वेगळा होता. काचेचे रंग सुंदर असतात, परंतु वाढवलेल्या बांगड्यांचा तुकडा गळ्यात घालणे अनेक जणींना रुचत नाही. त्या भावनेचा मान राखून आम्ही ही काच फक्त चौकटींत आणि तोरणांत वापरतो. तिच्या कडा पाण्याखाली घासतो, म्हणजे काचेची धूळ नाकात जात नाही.

2020 साली प्रदर्शने थांबली आणि विक्री जवळजवळ बंद पडली. त्या काळात घरातली कपाटे आवरणाऱ्या लोकांचे फोन येऊ लागले आणि व्यवसायाला नवे वळण मिळाले. आईचे लुगडे आहे, आजोबांच्या कोटाची बटणे आहेत, यांचे काही करून द्याल का, असे लोक विचारू लागले. आज आमच्या कामाचा मोठा भाग हाच आहे. बीडच्या एक ताई आईचे इरकली लुगडे घेऊन आल्या होत्या. तिघी बहिणी आणि एक वहिनी अशा चौघींसाठी त्यातून गळ्यातले करायचे होते आणि पदराला कात्री लावायची नव्हती. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की त्या घडीवर चिरते, म्हणून आधी संपूर्ण लुगडे उजेडात धरून कुठले कापड दमदार आहे ते खडूने आखून घेतले. आतल्या बाजूच्या काठातून चार हार निघाले, प्रत्येकात तांब्याच्या तारेचे एक फूल गुंफले, आणि पदरासह उरलेले सर्व कापड, अगदी कातरणसुद्धा, पिशवीत घालून परत दिले. दुसऱ्याच्या घरातून आलेल्या वस्तूचा धागाही आम्ही आपल्याकडे ठेवत नाही आणि एका घरचे कापड दुसऱ्या घरच्या कामात मिसळत नाही.

आता घाऊक व्यापारी एकाच रंगाचे आणि मापाचे शेकडो नग मागतात. अशी मागणी पूर्ण करायची तर नवे कापड विकत आणावे लागेल, म्हणून आम्ही ती स्वीकारत नाही. त्याऐवजी पैठण तालुक्यातील एका बचत गटाला मणी वळण्याचे काम शिकवले आहे. त्यांनाही मजुरी तासावरच मिळते. पुढच्या हिवाळ्यापासून लगद्याचे काम त्यांच्याकडे सोपवायचे आहे, आणि त्यासाठी सासूबाई स्वतः तिकडे जाऊन घागरीवर थापणी दाखवणार आहेत.