सांबऱ्याचे विमान, मुरगावचे जहाज आणि उसाची रांग

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या बेळगाव भागातल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. नंबर लागला की ट्रॅक्टर वजनकाट्यावर जातो, तिथून गव्हाणीकडे, म्हणजे ऊस गाळपासाठी टाकतात त्या जागेकडे जातो, आणि गव्हाण मोकळी नसेल तर मागची सगळी रांग जागच्या जागी उभी राहते. लहानपणी वडिलांबरोबर अशा रांगेत ट्रॉलीवर घोंगडी पांघरून मी कित्येक रात्री काढल्या आहेत. पुढे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) डिस्पॅच विभागात नोकरी लागली, माल परदेशी पाठवण्याच्या कामामुळे बंदरांशी आणि विमानतळांशी संबंध आला, आणि तिथला कारभार समजू लागला तेव्हा मला पहिली आठवण त्या रांगेची झाली. एकच गव्हाण, एकच धावपट्टी, मोजकेच धक्के, आणि त्यांच्याकडे येणारे मात्र पुष्कळ. बंदर किंवा विमानतळ चालवणे म्हणजे मुख्यतः कोणी, कुठे, किती वेळ आणि कोणाच्या खर्चाने थांबायचे हे ठरवणे, असे माझे मत झाले आहे, आणि आज त्याविषयीच सविस्तर लिहायचे आहे.

सांबरे म्हणजे बेळगावच्या विमानतळाचे गाव; तिथली धावपट्टी आमच्या घरापासून फार लांब नाही. १९४२ मध्ये, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर युद्ध चालू असताना, ब्रिटिश हवाई दलाने ती वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी बांधली. आजही शेजारी भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. नागरी विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. हे प्राधिकरण १ एप्रिल १९९५ रोजी दोन जुन्या संस्था एकत्र करून स्थापन झाले. पण विमानतळ प्राधिकरणाचा आहे म्हणजे तिथले सगळे काम प्राधिकरणच करते, असे नाही. विमान कंपनीचे असते, इंधन तेल कंपनीचे, हवामानाचा अंदाज हवामान खात्याचा, तपासणी सुरक्षा दलाची, आणि या सर्वांवर परवान्याचा अंमल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा असतो. इतक्या जणांची माणसे एका विमानाभोवती अर्ध्या-पाऊण तासासाठी जमतात आणि प्रत्येकाने आपापले काम संपवल्याशिवाय ते विमान हलत नाही.

धावपट्टीच्या टोकांवर ०८ आणि २६ हे आकडे रंगवलेले आहेत. ते होकायंत्राच्या दिशेचे आहेत: सुमारे ८० अंश आणि सुमारे २६० अंश, शेवटचे शून्य गाळून. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते, त्यामुळे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो तेव्हा ते पूर्वेकडून येते आणि पश्चिमेला तोंड करून उतरते. आमच्या गल्लीतली मुले आवाज कुठून आला यावरून वारा सांगतात, आणि बहुधा बरोबर सांगतात.

विमानाची मोठी अडचण अशी की ते हवेत उभे राहू शकत नाही. ट्रॅक्टर बंद करून चालक झोपू शकतो. विमानाला मात्र थांबायचे म्हणजे घिरट्या घालाव्या लागतात आणि प्रत्येक घिरटीला इंधन लागते. म्हणून प्रत्येक विमान मुक्कामापर्यंतचे इंधन, तिथे उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्यावर शेवटची ३० मिनिटांची राखीव शिल्लक घेऊनच निघते. याच कारणाने अलीकडे थांबण्याची जागा आकाशातून जमिनीवर आणली गेली आहे. मागे एकदा मी सांबऱ्याहून मुंबईला निघाले होते. आकाश निरभ्र होते, दारे लागली होती, आणि तरीही विमान जागचे हलेना. प्रवासी चिडले. वैमानिकाने सांगितले की मुंबईकडून उड्डाणाची वेळ मिळालेली नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येत नाहीत, आणि गर्दीच्या तासाला तिथे ४० हून अधिक विमानांची ये-जा सांभाळावी लागते. तिकडे कोंडी होणार असे दिसले की दिल्लीतले प्रवाह नियंत्रण केंद्र इकडच्या विमानाला सुटण्याची वेळ नेमून देते. आपल्याला तो उशीर वाटतो. वस्तुतः मुंबईच्या आकाशात इंधन जाळत थांबण्याऐवजी आपण सांबऱ्याच्या फरशीवर थांबलेले असतो. हे कोणी नीट समजावून सांगितले असते तर त्या दिवशीची निम्मी चिडचिड झाली नसती, असे मला आजही वाटते.

विमानतळावर काही माणसांचे कामच तयार राहून थांबण्याचे असते. अग्निशामक दलाने धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला ३ मिनिटांच्या आत पोहोचलेच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि येणारे विमान जितके मोठे तितकी दलाची साधने अधिक लागतात. एखाद्या दिवशी ही साधने अपुरी असतील तर धावपट्टी कितीही लांब असली तरी मोठे विमान उतरवता येत नाही. पक्ष्यांना हाकणाऱ्या माणसांचेही तसेच. मृगाच्या पावसानंतर आसपासच्या शेतांत नांगर फिरू लागला की किड्यांसाठी बगळे आणि घारी जमतात, आणि त्यातला एखादा पक्षी इंजिनात गेला तर अनर्थ होतो. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर जनावरे कापण्यास आणि कचरा टाकण्यास १९३७ च्या विमान नियमांनी बंदी घातली आहे; उंच इमारतींसाठीही विमानतळाभोवती ठरलेल्या टापूत परवानगी लागते. सांबरे, मुतगे, बाळेकुंद्री, निलजी या गावांतला उकिरडा कुठे आहे, यावर विमानाची सुरक्षितता अशी अवलंबून असते.

आता समुद्राकडे वळते. माझे आजोळ खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याचे. मामा वास्कोला मुरगाव बंदरात टॅली क्लार्क होते. जहाजातून किती माल उतरला याची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. सुटीत आले की ते आजीला बंदराच्या गोष्टी सांगत, आणि लोंढा स्थानकातून जाणाऱ्या मालगाड्या पाहून कोणता माल आहे ते ओळखत. बल्लारीकडच्या पोलाद कारखान्यांसाठी मुरगावला उतरणारा कोळसा कुळे ते कॅसलरॉक हा घाट चढून लोंढ्यावरून पुढे जातो. त्या घाटात दर ३७ फुटांना १ फूट इतका चढ आहे, म्हणून गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. घाटात गाडी अडकली की धक्क्यावर कोळशाचा ढीग वाढतो आणि ढिगाला जागा उरली नाही की जहाज रिकामे करणे थांबते. मामा म्हणायचे, "अगं, बंदर समुद्राकाठी असलं तरी त्याची मान घाटात असते." हे वाक्य मी माझ्या कामात रोज अनुभवते.

मुरगाव बंदर इतके मोठे का झाले आणि वेंगुर्ले का मागे पडले, याचे उत्तरही थांबण्यातच आहे. बेळगावच्या छावणीचा माल एके काळी वेंगुर्ल्याला उतरत असे आणि आधी रामघाटाने, नंतर आंबोलीच्या रस्त्याने वर येत असे. पण वेंगुर्ल्याच्या उघड्या समुद्रात पावसाळ्यात जहाजाला सुरक्षित उभे राहता येत नव्हते. मुरगावला झुआरीच्या मुखाशी निसर्गाने आडोसा दिलेला होता, त्याला लाटा अडवणाऱ्या बांधाची जोड मिळाली, आणि १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर घाटातून रेल्वे आली. जिथे जहाज बारा महिने निर्धास्त थांबू शकते तिकडे व्यापार गेला. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये मुरगावचा देशातल्या मोठ्या बंदरांत समावेश झाला. आज केंद्राकडची अशी बंदरे २०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्याखाली चालतात. लहान बंदरे राज्यांकडे असतात.

जहाज आले की सरळ धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकून उभे राहते आणि "आम्ही तयार आहोत" अशी लेखी सूचना देते. धक्का मोकळा झाला, भरतीची वेळ जुळली की बंदराचा पायलट छोट्या बोटीतून जाऊन जहाजावर चढतो. त्याला त्या पाण्यातला प्रत्येक गाळ आणि ओढ ठाऊक असते. कप्तान त्याच्या सल्ल्याने जहाज चालवतो, पण जहाजाची जबाबदारी कप्तानाचीच राहते. टग, म्हणजे छोट्या पण ताकदवान बोटी, जहाजाला ढकलतात, दोर बांधले जातात, आणि माल चढू-उतरू लागतो. यासाठी किती दिवस हे करारात आधीच ठरलेले असते. त्याहून जास्त लागले तर जहाज भाड्याने घेणारा जहाजमालकाला दिवसागणिक डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई देतो. लवकर उरकले तर करारानुसार उलट बक्षीसही मिळते. हे कळल्यावर मला वडील आठवले. रांगेत थांबलेल्या जहाजाला थांबल्याचे पैसे मिळतात. रांगेत थांबलेल्या उसाचे मात्र वजन घटते, आणि ती घट शेतकऱ्याच्या माथी येते.

काही वेळा थांबणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो. २००९ च्या पावसाळ्यात लोहखनिजाची भुकटी घेऊन निघालेली एशियन फॉरेस्ट आणि ब्लॅक रोज ही जहाजे अनुक्रमे मंगळूर आणि पारादीपजवळ बुडाली. ओल्या खनिजात पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की जहाजाच्या हेलकाव्यांनी ते चिखलासारखे वाहू लागते आणि जहाज एका बाजूला कलते. अशा वेळी नमुना तपासून भरणी थांबवणारा अधिकारी व्यापाऱ्याला शत्रू वाटतो. मला तो बंदरातला सर्वांत महत्त्वाचा माणूस वाटतो.

आमच्या फाउंड्रीचा माल मात्र कंटेनरमधून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातो. १९८९ मध्ये सुरू झालेल्या त्या बंदरात जमीन आणि समुद्राचा मार्ग बंदर प्राधिकरणाचा, आणि टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, अशी रचना आहे. कंटेनरची जहाजे एसटीसारखी वेळापत्रकाने धावतात, म्हणून इथे थांबावे लागते ते मालाला. जहाजासाठी फाटक ठरावीक दिवशी उघडते आणि ठरावीक तासाला बंद होते. कस्टमची परवानगी हवी, आणि १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. चुकीच्या वजनांमुळे थप्पी कोसळते, जहाजाचा तोल जातो, म्हणून हा नियम आला. आमचे ओतीव काम जड असल्याने वजनाचा हा कागद माझ्या टेबलावरून सर्वांत आधी निघतो.

एकदा आमचा ट्रक फाटक बंद होण्याच्या वेळेआधी बंदराजवळ पोहोचला, पण बाहेरच्या रांगेत त्याची रात्र गेली आणि जहाज चुकले. कारखान्याचा तोटा झाला, त्याचा हिशेब लागला. पण आमच्या चालकाने त्या रात्री ना जेवण नीट केले, ना त्याला शौचालय मिळाले, आणि त्याचा रकाना आमच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता. जहाजाच्या थांबण्याला करार आहे, विमानाच्या थांबण्याला इंधनाचा हिशेब आहे. चालकाच्या आणि शेतकऱ्याच्या थांबण्याला काहीच नाही, हे मला मनापासून खुपते.

१० मार्च २०२४ रोजी सांबऱ्याच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली. लोक काचेच्या भिंती आणि सभागृहाविषयी बोलतात. मी मात्र एकाच वेळी किती विमाने उभी राहतील आणि टॅक्सी-रिक्षावाल्यांना सावलीत थांबायला जागा किती असेल, हे पाहणार आहे. आमच्या डिस्पॅचच्या तक्त्यात मी आता एक नवा रकाना घातला आहे: चालक रात्री कुठे थांबणार. तो भरल्याशिवाय मी गेटपासवर सही करत नाही.