पुण्याहून मालवण : प्रवाळं बघायला जाणाऱ्यांसाठी

पुण्यातून स्कूबासाठी, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून बुडी मारायला, मालवणला निघालेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंदमानचे फोटो असतात. ते आधी पुसून टाका. मालवणचं पाणी हिरवट असतं, त्यात गाळ असतो, आणि चांगल्या दिवशीही फार लांबचं दिसत नाही. तरीही जाच, पण थोडी माहिती करून घेऊन जा.

माहितीचं म्हणाल तर ती पुण्यात, पाषाणमध्येच आहे. तिथल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी हिंदी महासागराच्या तापण्यावर कित्येक वर्षं काम करतायत. १९५० ते २०२० या काळात हा महासागर शतकाला १.२ अंश सेल्सिअस या वेगाने तापला. सागरी उष्णतेच्या लाटांचे दिवस पूर्वी वर्षाला साधारण २० असायचे. शतकाच्या अखेरीस ते २२० ते २५०वर जातील, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षातला निम्म्याहून जास्त काळ समुद्राला ताप! निघण्यापूर्वी हे वाचलं होतं, म्हणून पाण्याखाली नेमकं काय बघायचं ते कळलं.

जायला सोपं आहे. कोल्हापूरपर्यंत महामार्ग, मग गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून कणकवली आणि पुढे मालवण. स्वारगेटहून एसटी आहे, रात्रीच्या खासगी गाड्याही आहेत. रेल्वेने जायचं तर कुडाळला उतरा. पावसाळ्यात सगळं बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं.

आम्ही स्नॉर्केलिंगच केलं, म्हणजे मुखवटा लावून, नळीतून श्वास घेत वरूनच तरंगत खाली बघितलं, आणि प्रवाळं बघायला तेच बरं असं माझं मत झालं. स्कूबाच्या छोट्या बुडीत प्रशिक्षक तुमची मान धरून कॅमेऱ्याकडे वळवतो आणि वेळ संपते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. खडकांना धरून गोल, बुटकी प्रवाळं आहेत, फांद्यावाली कमी. एका ढेकळावर मी बराच वेळ तरंगत होते. रंग मातकट तपकिरी, अंगावर गाळाची साय, आणि एका कडेला तळहाताएवढा फटफटीत पांढरा डाग. डाग माशांनी कुरतडल्याचा की उष्णतेचा, हे मला वरून सांगता येणार नाही. पण राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणात प्रवाळं पांढरी पडल्याची नोंद केलेली आहे.

होतं असं, की प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. बरंचसं अन्न आणि रंग त्या भाडेकरूकडून मिळतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्राणी त्याला बाहेर काढतो. खाली पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतो. खरी अडचण सावरायला मिळणाऱ्या वेळेची आहे. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे फटके बसले, आणि एवढ्या अंतरात मोठी प्रवाळं पुन्हा उभी राहत नाहीत.

उपाय चालू आहेत. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या वेळी वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं २०२०मध्ये उचलून दुसरीकडे लावली. गुजरातेत मिठापूरजवळ लोखंडी सांगाड्यातून सौम्य वीज सोडून त्यावर प्रवाळ वाढवायचा प्रयोग झाला. ऑस्ट्रेलियात जास्त उष्णता सोसणारी प्रवाळं निवडून वाढवतात. मला हे सगळं आवडतं, पण २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात समुद्रातल्या रोपवाटिका तापल्या आणि प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली, हेही विसरता येत नाही. कोळसा आणि तेल जाळणं कमी झालं नाही, तर लावलेलंही तापणारच. तोवर गाळ, सांडपाणी, नांगर आणि आपले पाय यांचा त्रास कमी केला, तर प्रवाळाला सावरायला थोडं बळ उरतं.

पायांचं तर नक्कीच. आमचा होडीवाला भला होता, पाण्यात उतरण्याआधीच म्हणाला, "ताई, पाय खाली टेकू नको हां." शेजारच्या होडीतले लोक मात्र खडकावर उभे राहून फोटो काढत होते आणि त्यांचा माणूस माशांना पाव टाकत होता. पाव टाकला की पट्टेवाले मासे झुंडीने येतात, फोटो झकास येतो, आणि खडकावरचं शेवाळ खायचं त्यांचं काम राहून जातं. पैसे ठरवतानाच विचारा : पाव टाकता का? नांगर कुठे टाकता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी होडी बघा, किनाऱ्यावर कमी नाहीत.

सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. लावायचंच तर ऑक्सिबेन्झोन (प्रवाळांना घातक मानलं जाणारं रसायन) नसलेलं घ्या. मुखवटा चेहऱ्याला नीट बसतो का, हे पुण्यातच एखाद्या तलावात बघून घ्या. भाड्याचे मुखवटे गळतात. पोहता येत नसेल तरी जीवरक्षक जॅकेट घालून तरंगता येतं.

आणि स्कूबा केलंच, तर त्याच संध्याकाळी पुण्याची गाडी पकडू नका. बुडी मारल्यावर लगेच उंचावर जाऊ नये असं सांगतात, आणि आपल्याला तर घाट चढूनच परत यायचंय. उथळ बुडीत अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा हा धोका कमी असला, तरी रात्र मालवणातच काढा. बुडी सकाळी, मग दुपारी सुरमईचं ताट, आणि घाट दुसऱ्या दिवशी.