पहिला पीस की शेवटचा?

आज भोसरीला शॉपमध्ये सीएनसी लेथसाठी (धातू गोल कातणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) दोन पोरांची ट्रायल घेतली. साधा शाफ्ट, व्यासात चालणारा फरक अधिक-उणे १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

पहिल्याने सेटिंग इतकं झटपट केलं की आम्ही बघतच राहिलो, फर्स्ट पीस बरोबर मधल्या मापावर आणि फिनिश एकदम झकास. त्यानंतर मात्र माप घ्यायच्या मायक्रोमीटरला हातच लावला नाही पठ्ठ्याने.

दुसरा संथ. पण प्रत्येक पीस पुसायचा, मोजायचा आणि आकडा खडूने मशीनच्या दारावर लिहायचा. इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) झिजत गेला की बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, त्याच्या आकड्यांत ते दिसायला लागलं आणि कोणी न सांगता त्याने ऑफसेट दिला, म्हणजे मशीनमध्ये तेवढी मापाची दुरुस्ती केली. पहिल्याचे शेवटचे पीस मात्र मोठे निघाले.

फोरमन काका एवढंच म्हणाले, "शेठ, गिऱ्हाईक पहिला पीस नेत नाही, पेटी नेतं."

हे डोक्यातून जाईना. गाडीच्या पार्टमध्ये पेटीत एक जरी मोठा निघाला तरी अख्खा लॉट सॉर्टिंगला, म्हणजे एकेक नग पुन्हा तपासायला बसतो, आणि आपण पोरं निवडतो ती दहा मिनिटांच्या चमकेवर!

मशीनवर दुसऱ्यालाच घेतलं. पण पहिल्याचा हात खरंच दुर्मिळ आहे हो, टूलरूममध्ये जिथे एकच नग काढायचा असतो तिथे तो सोनं करेल. तिथे जागा निघते का बघतोय.

तुमच्याकडे ट्रायल किती वेळ चालते? शेवटचा पीस कोणी मोजतं का?