दुखणं उतरलं, पण अंगठा उचलेना

बीड जिल्ह्यात फिजिओथेरपीचं काम करताना भाद्रपदापासून वेगळीच घाई सुरू होते. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल खर्चून झालेली असते आणि ज्याची कंबर धरलीय त्यालाही तोवर उभं राहायचंच असतं. हा गडी त्यांतलाच. पस्तिशीचा, बायकोसोबत कोयत्यावर (जोडप्यानं मिळून ऊसतोडीला) जाणारा, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा. उजव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या अंगानं पावलाच्या वरपर्यंत कळ. गावातल्या पायाळूची (पायाकडून जन्मलेल्याची) लाथ खाऊन झाली होती. "मणक्यात गॅप हाय म्हनले, मॅडम," म्हणत त्यानं एमआरआयची पिशवी पुढं केली.

कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली (एल४-एल५) गादी फुटून उजवीकडची एल५ची शीर, म्हणजे पायाचा अंगठा उचलणारी नस, दबलेली, असा रिपोर्ट होता. पण नुसत्या रिपोर्टवर उपचार ठरवणं मला पटत नाही. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या मुलांचे एमआरआय काढले, तरी साधारण ३० टक्क्यांत गादी पुढं आलेली दिसते. म्हणून तपासणी फोटोशी जुळली पाहिजे. त्याची जुळत होती. उताणा झोपवून पाय सरळ उचलला की ४० अंशांवर पोटरीत कळ जायची. पायाचा अंगठा वर ओढायला लावून मी दाबला, तर थोडा कमी पडला. पाचपैकी चार ताकद. लघवी अडते का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, हेही स्पष्ट विचारलं. पुरुष हे आपणहून सांगत नाहीत, आणि यांतलं काही असलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागतं. तसं काही नव्हतं.

म्हणजे थांबायला वाव होता. बहुतेकांचं पायातलं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ओसरतं; बाहेर आलेला तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच जिरवतं. ऑपरेशननं पायातली कळ लवकर थांबते, पण वर्षभरानंतर दोन्ही वाटांचे रुग्ण साधारण सारखेच असतात. आमच्याकडं मात्र सगळ्या कंबरांना सरसकट तोच शेक, तोच करंट आणि वजन लावून ताण दिला जातो. त्यात रुग्णाचे दिवस आणि पैसे जातात, याचा मला राग येतो.

त्याला पालथं झोपायला शिकवलं: आधी नुसतं दोन-तीन मिनिटं, मग कोपरांवर, मग हात सरळ करून छाती वर, कंबर सैल, दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. कळ पावलातून मांडीकडं सरकली तर चांगलं, कंबर जास्त दुखली तरी चालेल. खाली उतरली तर थांबायचं. दिवसभर पडून राहायचं नाही, दहा-दहा मिनिटं चालायचं. शौचाला उकिडवं बसू नये म्हणून मधोमध कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची. शिंक आली की भिंतीला हात लावून पाठ ताठ. पट्टा फक्त प्रवासापुरता.

पुढच्या खेपेला तो खुशीत आला. "निम्म्यानं उतरलंय बघा. आता जातो की कारखान्याला."

मी चालायला लावलं. उजवी चप्पल सटकत होती. टाचांवर चालता येईना. अंगठा स्वतःच्या वजनापुरता वर जात होता, बोट टेकवलं की खाली. ताकद तीनवर आलेली. खरा गुण येतो तेव्हा कळ आधी पाऊल सोडते, वर सरकते आणि ताकद टिकून असते. इथं कळीच्या जागी बधिरपणा आला होता. शीर काम करायची थांबत गेली की तिची कळही मंदावते, आणि माणसाला वाटतं बरं झालं.

आता तोल बदलला होता. शिरेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे दुखणं दाबतं, ताकद परत आणत नाही. याला तर दुखणं हा प्रश्नच उरला नव्हता. ताकद उतरत असताना वाट पाहणं धोक्याचं. त्याच दिवशी सर्जनकडं चिठ्ठी दिली आणि ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायला सांगितलं.

तो ऐकेना. "दुखत व्हतं तवा थांबा म्हनलात, आता दुखंना तर कापायचं?" मोळी नाही उचलणार, नुसता तोडीन, म्हणाला. पण ऊस बुडख्याशी तोडायचा म्हणजे दिवसभर कमरेत वाकून पीळ द्यायचा. शीर दबलेली असताना हे धोक्याचंच. शेवटी त्याच्या बायकोसमोर दोन्ही अंगठे वर करायला लावले. तिनं पाहिलं आणि ठरवलं.

दुर्बिणीखाली लहानशा छेदातून सुटलेला तुकडा काढला. अख्खी गादी काढत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो चालला. सहा आठवडे वजन उचलणं बंद. शंभरांतल्या पाच ते दहा जणांची गादी तिथंच पुन्हा सरकते, हेही सांगितलं. अंगठा हळूहळू चारवर आला. पूर्ण पाचवर येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

टोळी त्याच्याविना गेली, उचल तशीच अंगावर. आता तो पुढच्या हंगामाचं विचारतो. तोडणी जमेल, मोळी चढवू नका, असं मी सांगते. मोळी न चढवणारा कोयता कुठला मुकादम घेतो, असं तो विचारतो, आणि त्यावर माझ्याकडं उपाय नाही.