अलहंब्रात खोली मिळाली, तिकिटाचं काय?

"आई, आपण थेट किल्ल्यात राहणार आहोत," मी फोनवर सांगितलं. दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरातल्या पारादोरचं बुकिंग हातात आलं होतं. पारादोर म्हणजे स्पेन सरकारच्या मालकीची हॉटेलं. 1928 पासून त्यांनी जुने किल्ले, मठ, वाडे दुरुस्त करून मुक्कामाला खुले केलेत. आपल्या एमटीडीसीनं एखाद्या गडावरच्या वाड्यात झकास हॉटेल काढलं तर कसं वाटेल, तसं. ग्रानादाचं पारादोर अलहंब्रा या जुन्या किल्ल्याच्या तटबंदीच्या आत, सान फ्रान्सिस्कोच्या जुन्या मठात आहे. खोल्या मोजक्याच, म्हणून सात महिने आधीच दोन रात्री धरल्या.

आणि तिथंच फसलो. किल्ल्यात राहतोय तर राजवाडे दिसणारच, असं मी गृहीत धरलं. तसं काही नसतं. नास्री राजवाड्यांचं, म्हणजे किल्ल्यातल्या जुन्या सुलतानांच्या महालांचं, तिकीट वेगळं, त्यावर आत शिरायची वेळ ठरलेली, आणि ते पासपोर्ट क्रमांकावर निघतं. हे कळेपर्यंत आमच्या दोन्ही तारखांची दिवसाची तिकिटं संपली होती. रोज रात्री जेवण झालं की संकेतस्थळ उघडून बसायचो. अखेर रात्री दहाच्या फेरीची दोन मिळाली. हेनेरालिफेच्या बागा आणि अल्काझाबा या तटबंदीच्या भागाचं दिवसाचं तिकीट निराळं काढलं.

मग व्हिसा. शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांमधून, परतायच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्टची मुदत हवी, आणि आईची तितकी उरली नव्हती. नवा पासपोर्ट काढला, त्याचा क्रमांक बदलला, राजवाड्यांच्या तिकिटावर मात्र जुनाच. शिवाय हॉटेलचं बुकिंग माझ्या एकट्याच्या नावावर. हॉटेलला ईमेल केला, दुसऱ्याच दिवशी दोघांच्या नावाचं पत्र आलं. क्रमांकाचा घोळ तसाच घेऊन आम्ही विमानात बसलो.

सेव्हिलला अल्फोन्सो तेरावा हे हॉटेल आहे, 1929 च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी बांधलेलं. तिथं राहणं खिशाला परवडेना. अंगणात कॉफी पिऊन फरश्या बघून आलो.

ग्रानादात मठाच्या आवारात पाहिलं तर स्पेनच्या इसाबेला राणीच्या जुन्या दफनाची शिळा. 1521 मध्ये तिला आणि तिचा नवरा राजा फेर्नांदोला शहरातल्या शाही चॅपेलमध्ये हलवलं, तोवर दोघं इथंच होते. आई म्हणाली, "म्हणजे आपण पहिले पाहुणे नाही." जेवणात तिची चिंता होती, कारण साल्मोरेखो या टोमॅटोच्या गार सारावरही इथं हॅमचे तुकडे आणि अंडं घालतात. पण तळलेल्या वांग्याच्या कापांवर उसाचा काळा पाक आला, आणि आईनं चाखून निकाल दिला, "ही तर काकवी!" मागून दुसरी बशीही आली.

रात्री राजवाड्यांच्या दाराशी पासपोर्ट मागितला. मी आईच्या नव्या पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं. तिथं जुन्याचा क्रमांक छापलेला असतो. सोबत जुना पासपोर्टही धरला. माणसानं दोन्ही पाहिले, तिकीट तपासलं, मान हलवली.

सिंहांच्या चौकात मंद दिवे होते, गर्दी कमी होती. साडेअकराला बाहेर पडलो तेव्हा बाकीचे शहराकडे उतरू लागले आणि आम्ही दोघं उलटे, किल्ल्यातल्या काये रेआल या रस्त्याच्या चढाला लागलो.

"खोलीची किल्ली घेतलीस ना?" आईनं विचारलं.