ट्रम्बो-पेटी, नोंद 14 : माझा पोपट

डाल्टन ट्रम्बो म्हणजे हॉलिवूडनं कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत टाकलेला, मग दुसऱ्यांच्या नावांआड लिहिणारा पटकथाकार; त्याच्या सिनेमांची कार्डं मी या पेटीत ठेवतो. नोंद 11 मध्ये मी लिहून बसलो होतो की, त्याची लेखणी आता मला डोळे मिटून ओळखू येते. ती नोंद मी काढणार नाहीये. राहू दे, पुढच्या वेळी छाती फुगली की वाचायला बरी.

झालं असं. 'रोमन हॉलिडे'च्या कार्डावर मी हिरव्या शाईत (म्हणजे माझे स्वतःचे अंदाज) मोठ्या थाटात लिहिलं होतं : सत्यमुखाचा प्रसंग, शंभर टक्के ट्रम्बो. तोच तो. रोममधल्या त्या दगडी तोंडात ग्रेगरी पेक हात घालतो, बोंबलतो, हात बाहेर काढतो तर बाहीतून पंजाच गायब, आणि ऑड्री हेपबर्न जिवाच्या आकांतानं किंचाळते. खोटं बोलणाऱ्याचा हात तिथे तुटतो अशी दंतकथा. पडद्यावरची दोघंही एकमेकांशी खोटं बोलतायत. आणि गोष्ट लिहिणारा स्वतःच दुसऱ्याच्या नावाआड दडलेला. एवढं तीन पदरी सापडल्यावर मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो.

तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन. "मामा, तो पंजा बाहीत लपवायचा चावटपणा पेकचा आहे. हेपबर्नला आधी सांगितलंच नव्हतं, ती खरीच दचकलीय. दिग्दर्शक विल्यम वायलरनं तोच टेक ठेवला." वर म्हणाली, "हे तर सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना. मला सोडून. दगडी तोंडाशी दोघांनी जाणं कागदावर असेलही, पण मी ज्या क्षणाची आरती ओवाळत होतो तो लेखणीचा नव्हता, बाहीचा होता.

मग चौकशी आणखी खोल गेली. या सिनेमात ट्रम्बोचं नेमकं काय? पडद्यावर 1953 साली कथा इयन मॅक्लेलन हंटर, पटकथा हंटर आणि जॉन डायटन. ट्रम्बोनं ती तुरुंगात जायच्या आधी लिहिली आणि काळ्या यादीमुळे स्वतःच्या नावानं विकता येत नव्हती, म्हणून मित्राचं नाव लावलं. ती आधी दिग्दर्शक फ्रँक काप्राकडे गेली, मग पॅरामाउंट स्टुडिओ, मग वायलर. वाटेत किती हात फिरले असतील! 1954 साली कथेचं ऑस्कर हंटरला मिळालं. 1993 मध्ये, ट्रम्बो जाऊन 17 वर्षं झाल्यावर, ते त्याच्या बायकोच्या, क्लिओच्या हाती आलं. पटकथेच्या श्रेयात त्याचं नाव लेखक संघानं घातलं ते थेट डिसेंबर 2011 मध्ये. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची असते ना, तसला हा मामला. फक्त फेरफार व्हायला 58 वर्षं लागली.

त्यामुळे या एका सिनेमाची माझ्याकडे आता तीन कार्डं आहेत. जुन्या प्रतीची श्रेयपाटी, 2003 च्या डीव्हीडीची (तिच्यात कथेला ट्रम्बोचं नाव आहे) आणि 2011 नंतरची. पाट्या पकडायला व्हीएलसीसारखं दुसरं काही नाही. 'ई' दाबत राहा, एकेक चौकट पुढे सरकते. पैसे मोजून घेतलेल्या दुसऱ्या प्लेअरनं मला याच कामात दोनदा रडवलंय, त्याचं नाव काढत नाही. जुन्या डिस्का ज्याच्याकडून मागवतो त्या विक्रेत्याचंही काढत नाही. "नवीकोरी" म्हणून पाठवलेल्या डिस्कवर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. गोल डाग अजून आहे, आणि नेमका त्याच पट्ट्यात सिनेमा अडकतो.

असो. भाचीच्या फोननंतर मी ठरवलं, कानाची परीक्षाच घ्यायची. बायकोला सांगितलं, वीस तुकडे काढ. दहा ट्रम्बोच्या नावावर पक्के असलेले, दहा इतरांचे, सगळे त्याच काळातले. मी भिंतीकडे तोंड करून बसणार, प्रत्येक तुकडा दीड मिनिट, आणि पाटीवर 'ट' किंवा 'ना' लिहायचं. (पाटी खरीच, नातवाची. एका बाजूला त्यानं काढलेला हत्ती होता, तो पुसायचा नाही अशी अट.)

पहिल्या सहात पाच बरोबर. काय सांगू मंडळी, त्या दहा मिनिटांचं सुख! सातव्याला मी पाटीवर 'ट' लिहून खाली दोन रेघा मारल्या. आठव्यालाही. बायको काही बोलेना, मला वाटलं थक्क झाली. शेवटी गुण मोजले तर वीसपैकी नऊ. नाणं उडवलं असतं तर एक जास्त आला असता.

कारण तिनंच सांगितलं. "अहो, तुम्ही लेखक ओळखतच नाही आहात. स्पेन्सर ट्रेसी बोलला की 'ट' लिहिताय." खरंच. 'अ गाय नेम्ड जो' आणि 'थर्टी सेकंड्स ओव्हर टोकियो', ट्रम्बोच्या एमजीएम स्टुडिओतल्या काळातल्या या दोन्ही चित्रपटांत ट्रेसी आहे. माझ्या कानात ट्रेसीचा घोगरा, दमदार आवाज म्हणजे ट्रम्बोचं गद्य असं घट्ट बसलेलं. हे तिनं ताडलं आणि मुद्दाम 'ॲडम्स रिब'चे तीन तुकडे घातले. ते रूथ गॉर्डन आणि गार्सन केनिनचं. तिन्हींना मी 'ट' दिला, वर दोन रेघा.

यावर दोन दिवस धुमसलो आणि मग 1947 चं कार्ड उघडलं. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला प्रतिनिधीगृहाच्या, कम्युनिस्ट शोधणाऱ्या समितीपुढे ट्रम्बो गेला, तेव्हा स्वतःच्या वीस पटकथांचा गठ्ठा घेऊन गेला होता. यात कम्युनिस्ट प्रचार आहे म्हणता ना, मग घ्या, नोंदीत दाखल करा आणि दाखवा कुठे आहे ते. अध्यक्ष पार्नेल थॉमसनं नकार दिला, पानं फार आहेत म्हणून. त्यांना लेखणी न वाचताच ओळखू येत होती. मी निदान वीस तुकडे ऐकले तरी! समितीच्या प्रश्नांना उत्तर द्यायला नकार दिल्याबद्दल अवमानाचा खटला, एक वर्षाची शिक्षा, केंटकीतल्या ॲशलँडच्या तुरुंगात जून 1950 पासून सुमारे दहा महिने. हे मागे येऊन गेलंय, पुन्हा लांबवत नाही. थॉमस स्वतः सरकारी पगारपत्रकातल्या लबाडीबद्दल आत गेला, तो तपशील मात्र दर वेळी लिहायला मला आवडतो.

तर हिरवी शाई बंद. यापुढे कार्डावर निळी (पडद्यावरचं नाव) आणि काळी (कागदोपत्री पुरावा), बस्स.

इथपर्यंतची नोंद गेल्या रविवारी लिहून झाली होती. टाकायच्या आधी काळ्या शाईचा नवा नियम लावून जुनी कार्डं तपासायला घेतली, आणि 'द प्राउलर'शी हात थबकला.

नोंद 9 आठवा. जोसेफ लोझीचा सिनेमा, 1951. लेखणी ट्रम्बोची, पण पडद्यावर पटकथा ह्यूगो बटलर, तोही उसन्या नावाचा गडी. एक पोलीस, एक बाई, तिचा नवरा रात्री रेडिओवर कार्यक्रम करणारा. नवरा घरी नाही याची खात्री म्हणजे रेडिओवर चालू असलेला त्याचा आवाज. तो चालू आहे तोवर पोलीस तिच्या घरी निर्धास्त. मी तेव्हा या कल्पनेचं कौतुक केलं होतं आणि कार्डाच्या तळाशी लिहिलं होतं : पडद्यावर ट्रम्बोचा मागमूस नाही.

तो रेडिओवरचा आवाज ट्रम्बोचा आहे! लोझीनं त्याच्याकडूनच बोलवून घेतला. श्रेयनामावलीत अर्थातच नाही. ज्या माणसाचं नाव पडद्यावर येऊ द्यायचं नाही असं अख्ख्या हॉलिवूडनं ठरवलं होतं, तो घराघरातल्या रेडिओसारखा पडद्यावर बोलत बसलाय. मी दोनदा पाहिलाय हा सिनेमा. लेखणी ऐकू येते म्हणणाऱ्या माझ्या कानांना माणूस ऐकू आला नाही.

बायकोला सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती. मग म्हणाली, "पोपट झाला तुमचा." तिला ठाऊक नव्हतं, पण ट्रम्बोकडे खरोखरच पोपट होता. अभिनेता कर्क डग्लसनं भेट दिलेला. रात्री बाथटबमध्ये बसून, आडव्या फळीवर कागद ठेवून, सिगारेटी फुंकत हा गृहस्थ लिहायचा आणि पोपट सोबतीला. तरुणपणी लॉस एंजेलिसच्या बेकरीत कित्येक वर्षं रात्रपाळी केलेली, त्यामुळे रात्रीची सवय तिथलीच असणार असं मला वाटतं. (हे हिरव्या शाईचं वाक्य झालं. माफ करा, शेवटचं.)

रविवारी रात्री परत लावला. डोळे मिटून, फक्त आवाज. ट्रेसीचा भारदस्तपणा वगैरे काही नाही. किंचित अनुनासिक, आपल्याच शब्दांवर खूश असलेला, गुळगुळीत माणूस. आपण स्वतःच लिहिलेल्या कंटाळवाण्या नवऱ्याला तो मन लावून कंटाळवाणा करतोय. मला फार मजा आली. कार्डावर काळ्या शाईत लिहिलं : आवाज – ट्रम्बो. 14 नोंदींतलं मला सर्वांत आवडलेलं कार्ड.

आणि यातून पेटीची मांडणीच बदलावी असं डोक्यात आलंय. आत्तापर्यंत प्रदर्शनाच्या वर्षानुसार लावली होती. त्यात होतं काय, की 'रोमन हॉलिडे' तुरुंगानंतर पडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, सुटून आलेल्या माणसानं हलकंफुलकं लिहिलं. उलट आहे. 'गन क्रेझी', 'रोमन हॉलिडे', 'द प्राउलर', तिन्ही खटल्याच्या आणि तुरुंगाच्या मधल्या घाईतले. एमजीएममध्ये एका पटकथेचे 75,000 डॉलर घेणारा माणूस निर्माते किंग बंधूंकडून 'गन क्रेझी'चे 3,750 घेत होता. मग लिहिल्याच्या क्रमानं लावू म्हटलं आणि अर्धी पेटी जमिनीवर पसरली.

ती पसरलेली असतानाच दुसरं सुचलं : नाव उसनं देणाऱ्यांची वेगळी रांग का नको? ट्रम्बोवर सगळे लिहितात. या माणसांची कार्डं कोण करणार? हंटर स्वतःही नंतर काळ्या यादीत गेला. 'गन क्रेझी'ला नाव देणारा मिलार्ड कॉफमन तर वेगळंच प्रकरण. मिस्टर मगू या डोळ्यांनी अधू म्हाताऱ्या कार्टूनच्या जन्मदात्यांपैकी एक. त्यानं 1992 मध्ये स्वतःच लेखक संघाला सांगितलं, माझं नाव काढा, ट्रम्बोचं घाला. आणि नव्वदीत पहिली कादंबरी छापली. अशा माणसाला एका ओळीत उरकायचं म्हणजे पाप आहे.

या रांगेत रॉबर्ट रिच कुठे बसवायचा, तो मात्र घोळ आहे. 27 मार्च 1957 ला 'द ब्रेव्ह वन'च्या कथेसाठी ऑस्कर पुकारलं गेलं आणि उठून कोणी आलंच नाही. लेखक संघाच्या वतीनं जेसी लास्की धाकटा पुढे झाला. मग पत्रकार रिचला शोधत सुटले. रिच म्हणजे निर्माते किंग बंधूंचा भाचा. कादंबरीतलं टोपणनाव नव्हे, हाडामांसाचा माणूस, पण लेखक नव्हे. मग हे उसनं नाव की टोपणनाव? 'स्पार्टाकस'च्या वेळचा 'सॅम जॅक्सन' सरळ टोपणनाव, तो वेगळ्या कप्प्यात जाईल. रिचला तूर्त दोन्हींच्या मधे उभा ठेवलाय. ट्रम्बोनं जानेवारी 1959 मध्ये कबूल केलं की रिच मीच, तेही अकादमीनं काळ्या यादीतल्यांना ऑस्करबंदी करणारा नियम मागे घेतल्यावर. ऑस्करची बाहुली त्याच्या हातात पडली 1975 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी.

1960 चं 'एक्सोडस' आणि 'स्पार्टाकस' पुढच्या नोंदीत. तिथे नाव सरळ पडद्यावर आहे, माझ्या दृष्टीनं काम सोपं. काळी यादी मोडल्याचं श्रेय कुणाचं, 'एक्सोडस'वाल्या ऑटो प्रेमिंजरचं की 'स्पार्टाकस'वाल्या डग्लसचं, या भांडणात आत्ता पडत नाही. तारखेनं बोलायचं तर ट्रम्बोचं नाव जाहीर करणारा प्रेमिंजर पहिला, 20 जानेवारी 1960.

कार्डं संपली आहेत. अप्पा बळवंत चौकातली जाड, रेघा नसलेली घेतो, शाई फुटत नाही. पातळ चकचकीत कार्डांच्या नादी कोणी लागू नका, काळी शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. आणि कुणाकडे 'टेरर इन अ टेक्सस टाउन'ची चहाचा डाग नसलेली प्रत असेल तर कळवा. त्यावर नाव बेन पेरीचं आहे, आणि रांगेत त्याच्या जागी सध्या नातवाची पाटी उभी केलीय, हत्तीची बाजू वर.