वहीची पहिली चार पानं

रविवार, रात्रीचे साडेअकरा

बायांचा कोडिंगचा वर्ग पाचला सुटला. खुर्च्या लावल्या, किल्ली काकांकडे दिली, घरी येऊन माईंना गोळ्या दिल्या. सगळं नेहमीसारखंच झालं. तरी यावलच्या ताईची वही डोळ्यांपुढून हलत नाही.

चहाच्या वेळी तिच्या मागून जात होते, तर वही उघडी दिसली. खताच्या दुकानाची जाहिरात असलेली, दुकानदार फुकट देतात तसली. पहिल्या पानावर जूनची तारीख, खाली प्रिंट, कंस, हॅलो वर्ल्ड, म्हणजे कोडिंग शिकताना सगळ्यात पहिली लिहितात ती ओळ. दुसऱ्या पानावर ऑगस्ट, वेबपेजचे टॅग, त्यांच्या मधे हॅलो वर्ल्ड. तिसऱ्यावर ऑक्टोबर, मोबाइल अ‍ॅप, पुन्हा तेच. चौथ्यावर आजची तारीख. अक्षर चारही वेळा तितकंच जपून काढलेलं, खाली पट्टीने रेघ मारलेली. मी बघतेय हे लक्षात आलं तशी म्हणाली, "ताई, मले वाटे मलेच पुढचं जमत नही, म्हनून तुम्ही पुन्हा पुन्हा घेता."

"अगं, तसं नाही" एवढंच तोंडातून निघालं, आणि मी कप गोळा करायला लागले.

वर्षाचं वेळापत्रक मीच केलं होतं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, वेब, अ‍ॅप, एआय. प्रत्येक वेळी नवा विषय, म्हणजे सगळ्यांसाठी काहीतरी झालं, असं मी धरून चालले. पण चारही रविवारी पहिला तास सॉफ्टवेअर टाकण्यात गेला, दुसरा त्या एका ओळीत, आणि मग फोटो. नव्या बाया येतात म्हणून पहिल्यापासून घ्यायचं. आणि जी आधीची आहे, तीही पुन्हा पहिल्यापासून बसते. बिचारी काही बोलत नाही.

तिचे चार रविवार गेले. तापीपलीकडून यायचं म्हणजे मार्च २०२३ पासून एसटीचं तिकीट अर्धं झालं हे खरं, पण पहाटे उठून दोन्ही वेळच्या भाकरी थापून निघायचं, सासूबाईंना सांगायचं, आणि परतीची गाडी चुकली की काय बोलणी बसतात ते मी ऐकलंय.

आता रागही येतोय. मी एकटीने काय काय बघायचं? हॉल देणाऱ्यांना आकडा लागतो, किती नव्या आल्या ते विचारतात. किती पुढे गेल्या हे अजून कोणी विचारलं नाही. विमेन हू कोडसारखी कोडिंग करणाऱ्या बायांची २०११ पासूनची, जगभर पसरलेली संस्था २०२४ च्या एप्रिलमध्ये पैशाअभावी बंद करायची वेळ आली. आमचा तर जळगावातला एक हॉल आणि मागून आणलेला प्रोजेक्टर. धाकटी म्हणते, सोड ना आता. काही रात्री वाटतं की...

जाऊ दे.

नमुना मी बाहेरूनच घेतला होता. हेलसिंकीत २०१० मध्ये रेल्स गर्ल्स सुरू झालं, बर्लिनला २०१४ मध्ये जँगो गर्ल्स. दोन्हीकडे बायांसाठी कोडिंगचं एक-दोन दिवसांचं शिबिर, फी नाही, शिकवायला हाताशी माणसं. पण जँगो गर्ल्सच्या शिबिरात संध्याकाळपर्यंत बाईचा स्वतःचा ब्लॉग इंटरनेटवर चढवायचा असतो. मी तिथली फक्त सकाळ उचलली आणि चार वेळा घेतली. का, तर सकाळ मला तोंडपाठ आहे. पुढे गेलं की एखादी असं काही विचारेल जे मला येणार नाही, ही धास्ती आहे. हे आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय.

मग वर्षाचा कागद नव्याने काढला. श्रावणातला कानबाईच्या सणाचा रविवार आधीच खोडला, मागच्या खेपेला त्या दिवशी दोघीच आल्या होत्या. पुण्याच्या मैत्रिणीने सुचवलेलं चोवीस तासांचं हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून काहीतरी बनवायचं, इथे होणार नाही, रात्री कोणाच्या घरून सोडणार? त्याऐवजी लागोपाठ दोन दुपारी, जोडीजोडीने, एकीच्या हातात कीबोर्ड आणि दुसरीने पुढची ओळ सांगायची, मग अदलाबदल. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायचं साधन, एकदा नीट घ्यायचंच. एका रविवारी फक्त दुसरीने लिहिलेला कोड वाचायचा, लिहायचं काहीच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्ग नको असं मी नेहमी म्हणायचे, पण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत असलेल्या आपल्या लेकी तेव्हाच तर माहेरी येतात. पाच-पाच मिनिटं बोलायला सांगितलं तर नाही म्हणणार नाहीत. ऊन पंचेचाळीसला टेकलेलं असतं, म्हणून सकाळी आठला. आणि थंडी आहे तोवर एकदा शेतात भरीत-पुरीचा बेत, त्यात लॅपटॉप नाही, नुसत्या गप्पा. नव्यांचा पहिला तास आता जुन्यांनी घ्यायचा, बाजूच्या खोलीत.

कागद भरला, तरी वही आहेच. ती मिटताना मागची पानं दिसली होती. मागून वही जवळजवळ संपलीय. केळीचा हिशोब. तारीख, घड, वजन, बऱ्हाणपूरचा भाव, मजुरी, हाती आलेले. रकाने हाताने आखलेले, बेरजा तोंडी केलेल्या, कुठे खाडाखोड नाही. फोटो काढू का विचारलं, तर लाजली आणि मग वहीच पुढे सरकवली.

आत्ता बसून ते एक पान पायथनमध्ये उतरवलं. तिचे आकडे मराठी आहेत, मला वाटलं इथेच अडेल. अडलं नाही. पायथनचं इंट, म्हणजे लिहिलेल्या अक्षरांचा आकडा करणारी आज्ञा, आपला '१२' सरळ बारा म्हणून वाचतं. इतकी वर्षं मी बायांना आधी इंग्रजी आकडे लिहायला लावत होते.

सातव्या ओळीला मात्र थांबलं. व्हॅल्यूएरर, म्हणजे हा आकडा वाचता येत नाही. घडांच्या रकान्यात तिने लिहिलंय '१२ कच्चे'. ते बारा एकूण घडांत धरायचे की वेगळे ठेवायचे, वजनात आलेत की नाही, व्यापाऱ्याने त्यांना कमी भाव दिला की परत पाठवले, मला काय माहीत? अंदाजाने टाकून बघितलं, तर बेरीज तिच्या बेरजेशी जुळत नाही.

दोनदा तपासलं. तिचीच बरोबर असणार.

सकाळी फोन करते. पुढच्या रविवारी हेच पान पडद्यावर लावू का विचारते, आणि कच्च्या घडांचं काय करायचं ते सगळ्यांना तिनेच सांगावं.